ऋण काढण्यापूर्वीं

आपल्या घरांतून पैशाविषयीं पुष्कळ बोललें जातें, पण कर्जाविषयीं फारसें बोललें जात नाहीं. भाजीचा भाव, सोन्याचा भाव, थोरल्या चिरंजिवांचा पगार, मुलीच्या कॉलेजची फी ह्यांची चर्चा जेवणाच्या पंक्तींत मोकळेपणानें होते. परंतु कोणी कर्ज काढलें आहे अशी कुणकुण लागली, कीं वडील मंडळी आंतल्या खोलींत जातात आणि दार ओढून घेतलें जातें. ऋण काढून सण करणाऱ्याची आपल्या समाजांत जी हेटाळणी होत आली, तिचा हा संस्कार आहे. तो सर्वस्वीं वाईट होता असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. मात्र त्यापायीं एक गोष्ट अशी झाली, कीं कर्ज काढणें थांबलें नाहीं; कर्जाविषयीं विचारणें तेवढें थांबलें. चारशें रुपयांची छत्री घेण्यासाठीं तीन दुकानें हिंडणारा सुशिक्षित मनुष्य चार लाखांचें कर्ज मात्र मोबाइलवर आलेल्या एका संदेशास होकार देऊन दहा मिनिटांत पत्करतो. दुसऱ्या कोणास विचारावयाचें, तर कर्ज काढीत आहों हें आधीं सांगावें लागणार!

कर्ज काढूंच नये असा उपदेश करण्याचा आमचा हेतु नाहीं. ज्याच्या घरांत मोठें दुखणें आलें आहे, त्याला तो उपदेश ऐकविण्यांत शहाणपण कसलें? आम्हांस सांगावयाचें आहे तें निराळें. कर्ज ही विकत घेण्याची वस्तु आहे. तिला किंमत असते. आणि विकणारा जी किंमत मोठ्या अक्षरांत सांगतो ती बहुधा तिची खरी किंमत नसते. ही खरी किंमत घरांतील चार माणसांना कागदपेन्सिल घेऊन काढतां येते. तेवढें गणित झाल्यावर कोणतें कर्ज घ्यावयाचें हा प्रश्न पुष्कळसा आपोआप सुटतो.

प्रथम व्याजाच्या दराकडे पाहूं. एकच दर दोन तऱ्हांनीं सांगतां येतो. समजा, एक लाख रुपये तीन वर्षांसाठीं बारा टक्क्यांनीं घेतले. एक सावकार म्हणतो, "लाखाचें सालीना व्याज बारा हजार, तीन वर्षांचें छत्तीस हजार, एकूण १,३६,००० रुपये छत्तीस हप्त्यांत द्या." हा सपाट दर. दर महिन्याचा हप्ता सुमारें ३,७७८ रुपये झाला. दुसरा सावकार म्हणतो, "महिनाअखेर जेवढें मुद्दल तुमच्याकडे बाकी असेल, तेवढ्यावरच मी एक टक्का आकारीन." ही घटत्या बाकीची पद्धति. तिच्यांत हप्ता सुमारें ३,३२१ रुपये बसतो आणि तीन वर्षांचें मिळून व्याज १९,६०० च्या आंतच राहतें. दोघांच्याहि पाटीवर बारा टक्केच लिहिलेले. परंतु एकाचें व्याज दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट!

असें होण्याचें कारण साधें आहे. पहिला हप्ता भरल्यापासून संपूर्ण लाख आपल्याजवळ नसतोच. अखेरच्या महिन्यांत तर तीन-चार हजारच काय ते शिल्लक असतात. तरीहि सपाट दरवाला व्याज धरतो तें पुऱ्या लाखावर. त्याचा बारा टक्के दर घटत्या बाकीच्या भाषेंत मांडला तर तो एकवीस टक्क्यांच्याहि किंचित् वर जातो. म्हणून कोणी दर सांगितला, कीं लगेच विचारावें, "सपाट कीं घटत्या बाकीवर?" सपाट असेल तर त्याची पावणेदोन पट करून मगच दुसऱ्या दराशीं तुलना करावी. हें गणित अगदीं काटेकोर नव्हे, पण तीन-चार वर्षांच्या मुदतीला तें दगा देत नाहीं. दुचाकी, फर्निचर आणि घरगुती यंत्रें हप्त्यानें विकणाऱ्या दुकानांतून हा प्रश्न विशेष आठवणीनें विचारावा.

दुसरा भुलावा मुदतीचा. "तुम्हांस महिन्याला किती झेपेल?" असा मोठा आपुलकीचा प्रश्न कर्ज देणारा विचारतो, आणि उत्तर ऐकून तो मुदत वाढवितो. पांच लाख रुपये घटत्या बाकीवर बारा टक्क्यांनीं घेतले, तर तीन वर्षांच्या मुदतींत हप्ता १६,६०७ रुपयांचा येतो आणि एकूण व्याज सुमारें ९७,९०० रुपये पडतें. मुदत पांच वर्षांची केली, कीं हप्ता ११,१२२ वर उतरतो, मनाला हलकें वाटतें. पण व्याज १,६७,३०० च्या घरांत जातें. महिन्याला साडेपांच हजारांची सवड मिळाली खरी, तिच्यासाठीं मोजले सुमारें सत्तर हजार. सवड खरोखरच हवी असेल तर हे पैसे मोजावे. पण मोजीत आहों हें ठाऊक असावें.

तिसरी गोष्ट किरकोळ खर्चाची, आणि ती किरकोळ नसते. कर्जाच्या रकमेवर एक-दोन टक्के प्रोसेसिंग फी, तिच्यावर अठरा टक्के जीएसटी, आणि पुष्कळदां कर्जदाराच्या आयुष्याचा विमा. पांच लाखांवर दोन टक्के फी म्हणजे दहा हजार व तिच्यावरील कर अठराशें. हे आधींच कापून घेतले म्हणजे हातीं येतात ४,८८,२००, आणि व्याज मात्र पांच लाखांवर चालू राहतें. विम्याचा हप्ता तर कर्जाच्या रकमेंतच मिळवून देतात, म्हणजे त्याच्यावरहि व्याज. विमा हा सक्तीचा आहे काय, हें लेखी विचारण्यास संकोचूं नये. पुष्कळ ठिकाणीं प्रश्न लेखी येतांच सक्ती नाहींशी होते.

तेव्हां एका कागदावर दोनच आंकडे लिहावे: आपल्या हातीं प्रत्यक्ष किती येणार, आणि अखेरच्या हप्त्यापर्यंत आपण एकंदर किती देणार. ह्या दोहोंतील वजाबाकी ही कर्जाची किंमत. एकाच मुदतीचीं दोन-तीन ठिकाणचीं कर्जें ह्या रीतीनें शेजारीं शेजारीं मांडावीं. घरांत निवृत्त शिक्षक किंवा हिशेबनीस असेल, तर हें काम त्याच्याकडे आनंदानें सोंपवावें. अशा वेळीं तो फार उपयोगी पडतो.

हें गणित करण्याचे श्रम आतां कायद्यानेंहि थोडे कमी केले आहेत. रिझर्व्ह बँकेनें १५ एप्रिल २०२४ रोजीं काढलेल्या आदेशाप्रमाणें, १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकांना आणि वित्तकंपन्यांना प्रत्येक किरकोळ मुदत-कर्जापूर्वीं एक मुख्य माहितीपत्रक द्यावें लागतें. तें कर्जदारास समजेल अशा भाषेंत असावें लागतें. अर्थात् मराठींत मागण्याचा आपला हक्क आहे. त्यांत व्याज, फी, विमा इत्यादि सर्व धरून निघणारा वार्षिक दर एका आंकड्यानें छापलेला असतो. तुलना करावयाची ती ह्याच आंकड्याची, जाहिरातींतील दराची नव्हे. पत्रक हातीं पडल्यावर निदान तीन कामकाजाचे दिवस त्या अटी कायम ठेवाव्या लागतात (आठवड्याच्या आंतील मुदतीच्या कर्जास ही सवलत नाहीं), आणि पत्रकांत न दाखविलेली फी कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय मागून लावतां येत नाहीं. "आजच सही करा, उद्यां हा दर राहणार नाहीं," असें कोणी म्हणूं लागला तर त्याला हे तीन दिवस आठवून द्यावे.

कागद वाचण्याचा ज्यांना कंटाळा आहे, त्यांनीं १८७५ सालचें सुपें आठवावें. पुणें जिल्ह्यांतील त्या गांवीं १२ मे रोजीं शेतकरी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेले, आणि पाहतां पाहतां तें लोण इतर गांवीं पसरलें. ते मुख्यतः हुडकीत होते ते कर्जरोखे. सांपडले तेथें त्यांनीं ते जाळले. आपण काय लिहून दिलें आहे हें न कळतां लिहून दिलेले ते कागद होते. पुढें १८७९ चा दक्षिणेंतील शेतकऱ्यांचा कायदा झाला, आणि शेतकऱ्याचा दस्तऐवज गांवच्या नोंदणी-अधिकाऱ्यासमोर व्हावा अशी तजवीज त्यांत केली गेली. त्या शेतकऱ्यांना वाचतां येत नव्हतें. आपल्याला येतें, आणि तरी आपण मोबाइलच्या पडद्यावरील अटींचीं पानें अंगठ्यानें वर सरकवून "मान्य" ह्या शब्दावर तोच अंगठा टेकवितों!

आतां कर्ज कोठून घ्यावें हें पाहूं. ज्याला सर्वत्र पर्सनल लोन म्हणतात तें बिनतारणी कर्ज. देणाऱ्याच्या हातीं आपला पगार आणि आजवरची परतफेडीची नोंद ह्यांखेरीज कांहींच नसतें. म्हणून तें महाग. बँकांत त्याचा दर साधारणतः दहा-अकरा टक्क्यांपासून चोवीस टक्क्यांपर्यंत, माणसाची पत पाहून ठरतो. म्हणून आमचें सांगणें असें, कीं बाहेर हात पसरण्यापूर्वीं आपलीच कपाटें उघडून पहावीं.

बँकेंत मुदतठेव असेल, तर तिच्या तारणावर बहुतेक बँका नव्वद टक्क्यांपर्यंत रक्कम ठेवीच्या व्याजापेक्षां एक-दोन टक्के अधिक दरानें देतात. ठेवीवर सात टक्के मिळवीत असतां चौदा टक्क्यांचें कर्ज डोक्यावर घेणारीं घरें थोडीं नाहींत. "ठेव मोडावयाची नाहीं" हें त्यांचें ब्रीद! ठेव न मोडतांहि तिचा उपयोग होतो, हें त्यांना कोणी सांगितलेलें नसतें. जुन्या आयुर्विम्याच्या पोलिसीवर तिच्या समर्पणमूल्याच्या प्रमाणांत कर्ज मिळतें. नुसत्या मृत्युपुरत्या संरक्षणाच्या टर्म पोलिसीवर मात्र मिळत नाहीं. पीपीएफ खात्यावर तिसऱ्या ते सहाव्या आर्थिक वर्षांत, दोन वर्षांपूर्वींच्या अखेरच्या शिलकेच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत उचल करतां येते. तिच्यावर सालीना एक टक्का व्याज पडतें, शिवाय उचललेल्या रकमेवर मिळावयाचें व्याज तेवढा काळ बुडतें. तें मुद्दल छत्तीस महिन्यांत न फेडलें तर एकाचे सहा टक्के होतात. नोकरदारांच्या पतसंस्थेचा दरहि पुष्कळदां बँकेपेक्षां बरा असतो, आणि हप्ता पगारांतूनच कापला जात असल्यानें चुकत नाहीं. परंतु पतसंस्थांवर देखरेख सहकार खात्याची, रिझर्व्ह बँकेची नव्हे. तेथें वर सांगितलेलें माहितीपत्रक मिळेलच असें नाहीं. सपाट कीं घटत्या बाकीवर हा प्रश्न तेथें आपणच विचारला पाहिजे. मुलांच्या शिक्षणासाठीं शैक्षणिक कर्ज, आणि घराचें कर्ज चालूच असेल तर घराच्या दुरुस्तीसाठीं त्यावरील वाढीव रक्कम, हे मार्ग आधीं धुंडाळावे. पर्सनल लोनची पाळी त्यानंतर.

सोन्याविषयीं थोडें सविस्तर लिहिणें भाग आहे. सोन्यावरील कर्ज लौकर मिळतें, आणि बँकेंत तें पर्सनल लोनपेक्षां बहुधा स्वस्त पडतें. खाजगी कंपन्यांचे दर मात्र पुष्कळ वर जाऊं शकतात. रिझर्व्ह बँकेनें जून २०२५ मध्यें ह्या व्यवहाराचे नवे नियम केले आणि ते अमलांत आणण्यास १ एप्रिल २०२६ ही शेवटची तारीख दिली. त्यांप्रमाणें अडीच लाखांपर्यंतच्या कर्जास सोन्याच्या किंमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत, पांच लाखांपर्यंत ८० टक्के, आणि त्यापुढें ७५ टक्के ही मर्यादा आहे. कर्ज फिटल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत दागिने परत मिळाले पाहिजेत. देणाऱ्याच्या चुकीनें उशीर झाल्यास दर दिवशीं पांच हजार रुपये भरपाई आहे. गहाण ठेवतांना प्रत्येक नगाचें वजन, कस आणि खड्यांसाठीं केलेली वजावट लिहिलेला दाखला मागून घ्यावा.

येथवर सर्व सरळ आहे. परंतु हे दागिने कोणाचे? घरांतील सोनें म्हणजे बहुधा घरांतील स्त्रियांचें सोनें. आणि माहेरून आलेलें किंवा लग्नांत मिळालेलें स्त्रीधन हें एकट्या त्या स्त्रीच्या मालकीचें असतें. सर्वोच्च न्यायालयानें १९८५ सालीं प्रतिभा राणी ह्यांच्या खटल्यांत हें स्वच्छ सांगितलें. २०२४ सालच्या एका निकालांत तेंच पुन्हां सांगतांना, अडचणीच्या वेळीं नवऱ्यानें तें वापरलें तरी परत करण्याचें बंधन त्याच्यावर राहतें असेंहि न्यायालयानें म्हटलें आहे. आपल्याकडे मात्र सुनेच्या पाटल्या दिरांच्या धंद्यासाठीं गहाण पडतात, आणि तिला विचारलें जातें तें एवढेंच, कीं कपाटाची किल्ली कोठें आहे. असें कर्ज बँकेच्या दृष्टीनें स्वस्त असेल. घराच्या दृष्टीनें तें फार महाग पडतें, कारण त्याचे हप्ते वीस वीस वर्षें बोलण्यांतून वसूल होत राहतात. तिला विचारावें, तिनें नाहीं म्हटलें तर तें ऐकावें, आणि हो म्हटलें तर सोडवणुकीची तारीख तिच्यासमोर ठरवावी. गहाणाची पावती तिच्याजवळ असावी.

क्रेडिट कार्डाविषयीं थोडक्यांत. महिनाअखेर पूर्ण बिल भरणाऱ्यास तें सोयीचें आहे. "किमान रक्कम" तेवढी भरून बाकी पुढें ढकलणाऱ्यास तीन ते पावणेचार टक्के व्याज पडतें, तें महिन्याचें! वर्षाचा हिशेब छत्तीस ते पंचेचाळीस टक्क्यांवर जातो. अशी बाकी सांचली असेल तर ती फेडण्यासाठीं पर्सनल लोन काढणें हा शहाणपणाचा व्यवहार होय, आणि पर्सनल लोनची आम्ही मनापासून शिफारस करावी अशा थोड्या प्रसंगांपैकीं हा एक आहे. अट एवढीच, कीं कार्ड मग कपाटांत पडून राहावें. शून्य टक्क्याच्या हप्त्यांविषयीं रिझर्व्ह बँकेनें २०१३ सालींच नापसंती दर्शविली होती. रोख घेणाऱ्यास जी सूट मिळाली असती ती हप्तेवाल्याला मिळत नाहीं. व्याज तेथें लपलेलें असतें.

मोबाइलच्या ॲपवर मिळणारें कर्ज कोणत्या बँकेचें किंवा वित्तकंपनीचें आहे, हें आधीं पहावें. अशा ॲपांची यादी २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. नियमाप्रमाणें रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यांत आली पाहिजे, आणि निदान एक दिवस तरी मुद्दल व तेवढ्या दिवसाचें व्याज देऊन दंडाशिवाय माघार घेतां आली पाहिजे. फोनमधील नांवांची यादी किंवा छायाचित्रें मागणाऱ्या ॲपला दारांतूनच परत पाठवावें. तीं कशासाठीं मागितलीं होतीं हें हप्ता चुकल्यावर कळतें. गल्लींतील खाजगी सावकाराकडे परवाना आहे काय हें विचारावें. महाराष्ट्रांत २०१४ च्या कायद्यानें परवान्यावांचून सावकारी करणें हा गुन्हा आहे. एकाच वेळीं वसूल करावयाचें व्याज मुद्दलाहून अधिक असूं नये, हा आपल्या धर्मशास्त्रांतील दामदुपटीचा जुना नियम. तोहि त्या कायद्यांत सांपडतो. बँकेच्या कर्जदारानें मात्र दामदुपटीवर विसंबूं नये.

एकत्र कुटुंबांत एक प्रश्न हमखास निघतो: वडिलांचें कर्ज मुलांवर बसतें काय? पूर्वीं बापाचें ऋण फेडणें हें मुलाचें धार्मिक कर्तव्य समजत, आणि त्या आधारें मुलगा, नातू, पणतू ह्यांच्या वडिलार्जित मिळकतींतील हिश्श्यावर धनको जाऊं शके. हिंदु वारसा कायद्याच्या दुरुस्तीनें ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जांपुरता हा आधार नाहींसा झाला. आतां वारसाला जें मिळालें असेल त्याच्या मर्यादेपर्यंतच मृताचें देणें त्याच्याकडे येतें. कुटुंबाच्या खऱ्या गरजेसाठीं कर्त्यानें काढलेलें कर्ज मात्र एकत्र मिळकतीवर अजूनहि येऊं शकतें.

आणि ज्यानें सही केली तो कोणत्याहि कायद्यानें सुटत नाहीं. सहकर्जदार म्हणून सही करणारी पत्नी, जामीन राहणारा मावसभाऊ, दोघेहि अडकतात. १८७२ च्या करार कायद्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणें जामिनाची जबाबदारी मूळ कर्जदाराएवढीच असते. आधीं कर्जदाराला गांठा, मग माझ्याकडे या, असें म्हणण्याची सोय सामान्यतः त्याला नसते. शिवाय तें कर्ज त्याच्या स्वतःच्या पतनोंदींत दिसतें, आणि उद्यां त्याला घरासाठीं कर्ज हवें झालें तर आड येतें. नात्यांत "नाहीं कसें म्हणावयाचें?" हा प्रश्न मोठा कठीण आहे, हें आम्ही जाणतों. अशा वेळीं झेपेल तेवढी रक्कम स्वतःच हातीं देऊन मोकळें होणें, जामीन राहण्यापेक्षां पुष्कळदां बरें.

हप्ता चुकण्याची वेळ आलीच तर गप्प बसूं नये. चुकण्यापूर्वींच बँकेकडे लेखी कळवून मुदत बदलून मागावी. एप्रिल २०२४ पासून दंडाची रक्कम मुद्दलांत मिळवून तिच्यावर व्याज लावतां येत नाहीं, आणि वसुलीच्या माणसानें सकाळीं आठच्या आधीं किंवा सायंकाळीं सातच्या नंतर फोन करावयाचा नाहीं. तक्रारीला तीस दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाखर्च दाद मागतां येते. उलटपक्षीं, बोनस किंवा ठेवीची रक्कम हातीं येऊन कर्ज लौकर फेडावयाचें ठरलें, तर फेडीचें शुल्क काय हें पहावें. बदलत्या दराच्या घरगुती कर्जाला तें लावतां येत नाहीं. पण पर्सनल लोन बहुधा ठराविक दराचें असतें आणि त्याला तें लागूं शकतें. हाहि प्रश्न सहीच्या आधींचाच.

शेवटचा हप्ता भरला, कीं बँकेकडून येणें बाकी नसल्याचा दाखला घ्यावा, गहाणाचीं कागदपत्रें परत आणावीं, आणि दोन महिन्यांनीं आपली पतनोंद मागवून तें कर्ज तेथें बंद झालेलें दिसतें काय हें पहावें. चारहि पतनोंद कंपन्यांकडून प्रत्येकीं वर्षांतून एक अहवाल फुकट मिळतो. दाखला ठेवावयाचा तो घराच्या दस्तऐवजांच्या फाइलींत, घरांतल्या निदान दोघांना ठाऊक असेल अशा जागीं.